दुभाष्याच्या हवाली केलेला आवाज

ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचे आवाज सांभाळले, त्याच्याच हातून सख्ख्या बहिणीचा आवाज निसटला. ही गोष्ट त्याच्या ओळखीच्या लोकांत अजूनही हलक्या सुरात निघते. सांगणारे बहुधा एवढेच सांगतात, की डिस्क बिघडली. डिस्क बिघडली नव्हती. ती तेव्हाही धडधाकट होती आणि आजही त्याच्या कपाटात धडधाकट पडून आहे. दोष शोधायचा तर तो लोखंडात सापडणार नाही. तो एका निर्णयात आहे, आणि तो निर्णय मायेपोटी घेतलेला होता.

सारे त्याला कानसेन म्हणत. नाव थट्टेने पडले आणि आदराने टिकले. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत त्याचे ध्वनिमुद्रणाचे काम चाले. बाहेरच्या खोलीत यंत्रे, आतल्या खोलीत माइक, मध्ये दुहेरी काचेची खिडकी. आतल्या भिंतींना जाड फेल्ट ठोकलेले, दाराला रबराची किनार. तिथली शांतता अशी, की नवख्या माणसाला आपल्याच कानातल्या रक्ताची भुणभुण ऐकू येई आणि तो बावरून दाराकडे पाही. गाणारे तिथे क्वचितच येत. येत ते दृष्टिहीनांसाठी पुस्तके वाचणारे, लिफ्टमधल्या आणि फोनवरच्या सूचना बोलणारे, कधी एखादा म्हातारा, ज्याच्या मुलांना त्याची आठवण त्याच्याच तोंडून हवी असे. कानसेन प्रत्येकाला पाण्याचा पेला देई, खुर्चीची उंची ठीक करी, आणि मग काचेपलीकडे जाऊन देवघरात बसावे तसा बसे. ध्वनी ही त्याच्या लेखी उपजीविका होतीच. पण त्याहून अधिक ती ठेव होती. ठेवीशी जसे वागावे तसाच तो ध्वनीशी वागे.

त्याचे यंत्र त्याने स्वतः जुळवलेले होते आणि त्यावरची प्रणालीही त्याने स्वतः निवडलेली, चारचौघांच्या लॅपटॉपवर असते त्याहून निराळी. या निराळेपणामुळे त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, जी बहुतेकांना उभ्या जन्मात कळण्याचे कारण पडत नाही. डिस्क म्हणजे नुसते कोठार. कोणती वस्तू कुठे ठेवायची, तिची नोंद कुठे करायची, जागा रिकामी झाली हे कसे ओळखायचे, याची शिस्त प्रत्येक प्रणालीची वेगळी असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. कानसेन तिला मांडणी म्हणे. घरच्या माणसाला अंधारातही मिठाची बरणी सापडते; पाहुण्याला दिवा लावूनही सापडत नाही, तसे हे प्रकरण. त्याच्या यंत्राची मांडणी सावध स्वभावाची होती. काही हलवण्याआधी ती काय हलवणार ते टिपून ठेवी आणि मगच हात लावी. मध्येच वीज गेली वा तार सुटली, तर शुद्धीवर येताच ती ते टिपण वाचे, आणि अर्धवट राहिलेले काम एक तर पुरे करी, नाही तर ते घडलेच नव्हते असे समजून पूर्वस्थितीला जाई.

परक्या मांडणीची डिस्क आली, तरी त्याचे यंत्र ती वाची. पण मध्ये एक लहानसा प्रोग्रॅम बसवावा लागे, जो इकडचे बोलणे तिकडच्या बोलीत सांगे. हा दुभाषी. दुभाषी कितीही प्रामाणिक असला तरी त्याला दोन अडचणी असतात: प्रत्येक वाक्यामागे थांबावे लागते, आणि परक्या घराच्या सगळ्याच चालीरीती त्याला ठाऊक नसतात. ही टिपणाची सावधगिरी तर परक्या मांडणीतही होती. पण या दुभाष्याला ती पुरती पाळता येत नसे. गिऱ्हाइके आपापल्या डिस्क घेऊन येत, तेव्हा कानसेन काम आपल्या मांडणीत करी आणि शेवटी फक्त प्रत त्यांच्या डिस्कवर उतरवी. कोणी विचारले तर म्हणे, "दुभाष्याकरवी निरोप पाठवावा, मृत्युपत्र लिहून घेऊ नये."

त्याची धाकटी बहीण पाणीपुरवठ्याच्या तक्रार-कक्षात फोनवर बसे. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून भावाने तिला भिंगरी म्हटले, आणि पन्नाशी ओलांडली तरी ते नाव सुटले नाही. पाय थकले, जीभ थकली नाही. शहरातल्या निम्म्या लोकांनी तिचे तोंड पाहिले नव्हते, पण आवाज ओळखत. नळ कोरडा पडला की माणूस संतापाने फोन उचली, आणि पलीकडून ती म्हणे, "साहेब, पाणी नाही हे कळलं मला. आता आधी शिव्या लिहून घेऊ की पत्ता?" समोरचा हसे, मग पत्ता सांगे. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक, कमी बोलणारा. कानसेन त्याला दाजी म्हणे. "तुमच्या बहिणीनं माझ्या वाटणीचंही बोलून घेतलं," असे दाजी म्हणत, आणि त्यात तक्रार नसे.

तो आवाज आधी खरखरीत झाला, मग जड. औषधे झाली, गुळण्या झाल्या. पुढे मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिले आणि खुर्ची जवळ ओढून सांगितले, की स्वरयंत्रच काढावे लागेल. जीव वाचेल असे वाटते. आवाज राहणार नाही.

आपल्या पूर्वसूरींनी वाणीच्या चार पायऱ्या कल्पिल्या. नाभीपाशी परा, हृदयात पश्यंती, कंठात मध्यमा, आणि मुखातून बाहेर पडणारी ती वैखरी. शस्त्रवैद्य वैखरीच तेवढी कापून नेणार होता. उरलेल्या तिघी आत जाग्या राहणार होत्या, दार भिंतीने बुजवलेल्या घरात माणसे राहावीत तशा. कानसेनला हे सुचले ते रुग्णालयाच्या जिन्यात, आणि तो तिथेच कठडा धरून उभा राहिला.

उपाय भाचीने आणला. ती परगावी नोकरी करी आणि आईच्या आजारासाठी रजा घेऊन आली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने सांगितले, "मामा, असा प्रोग्रॅम आहे. आईनं ठरलेली वाक्यं वाचायची. त्यातून तो तिचा आवाज शिकतो. नंतर ती टॅबवर लिहील आणि तो तिच्या आवाजात बोलेल."

"माझ्याच आवाजात?" भिंगरीने विचारले. "म्हणजे तुझ्या बाबांची सुटका नाहीच म्हणायची."

दाजींनी ताटावरून डोके वर केले नाही. "सुटका मागितली कोणी?" एवढेच म्हणाले.

वाक्ये पुष्कळ होती आणि दिवस थोडे. कानसेनने आपली पद्धत सांगितली: मुद्रण आपल्या यंत्रावर, आपल्या मांडणीच्या डिस्कवर, सगळे पुरे झाले की भाचीला प्रत. भिंगरीने ऐकून घेतले आणि मान हलवली.

"नाही दादा. मला रोज संध्याकाळी घरी ऐकायचंय. जे वाक्य आवडणार नाही ते मी काढून टाकणार. आयुष्यभर तो आवाज मला पुरवायचाय, मला आवडायला नको?"

"तुमच्या लॅपटॉपला माझी डिस्क वाचता येत नाही, भिंगरे."

"मग आमची डिस्क तुझ्या यंत्राला वाचता येते का?"

"येते."

"झालं तर! तू एवढा शिकलेला, तूच घे पडतं."

भाची म्हणाली, "मामा, रोज प्रत काढून देशील का?" पण प्रत काढून दिली, की घरी भिंगरी त्यातली वाक्ये पुसणार, नावे बदलणार, मग दुसऱ्या दिवशी कोणता संच खरा? एका वस्तूच्या दोन प्रती चालू ठेवल्या की दोन सत्ये होतात, आणि त्यांचा तंटा शेवटी निस्तरता येत नाही, हे कानसेनने धंद्यात अनुभवले होते. त्याने मान तुकवली. डिस्क एकच राहील, तिची मांडणी भाचीच्या लॅपटॉपला मानवणारी असेल, आणि ती रोज त्याच्याकडे येईल व परत जाईल. संच पुरा झाला, साफसूफ झाली, की एकदाच आपल्या घरच्या डिस्कवर पक्की प्रत काढायची. गिऱ्हाइकांच्या कामात हा नियम त्याने कधी पुढे ढकलला नव्हता. इथे ढकलला; घरच्या कामात माणूस नियमांनाही घरच्यासारखेच वागवतो.

मुद्रण सुरू झाले. प्रोग्रॅमची वाक्ये विचित्र होती, कारण ती अर्थासाठी नव्हे तर ध्वनींसाठी जुळवलेली होती.

"निळ्या छत्रीखाली बदकं झोपली आहेत," भिंगरीने वाचले आणि काचेतून भावाकडे पाहिले. "हे कुणी लिहिलंय रे? कुठल्या वेडाच्या भरात?"

"वाच निमूट."

"ढगांनी घड्याळ गिळलं. दादा, हा आवाज मला झोपलेल्या बदकांसाठी हवाय का? माझी वाक्यं मी घालणार." आणि तिने घातली. अहो, चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे. जेवायला या म्हटलं की यायचं असतं. पोरी, फोन ठेव आता, झोप. ही वाक्ये ती न अडखळता बोले. बदकांच्या वाक्यांना मात्र घसा दुखे.

प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल. दुभाष्याला नेमके हेच जड जाते. एक मोठी वस्तू तो एका दमात पलीकडे नेईल. पण शेकडो लहान वस्तू दिल्या तर प्रत्येकीच्या वेळी दार उघडणे, नाव सांगणे, जागा विचारणे, दार लावणे. भिंगरीचे वाक्य संपे आणि यंत्र घुटमळे. ती माइकपुढे श्वास धरून बसे, श्वास धरला की खोकला येई, खोकल्यानंतर आवाज काही वेळ चिरका राही. कधी घुटमळीत वाक्याचाच एखादा तुकडा गळे, आणि तेच वाक्य पुन्हा वाचावे लागे. तिच्या घशाला दिवसाकाठी मोजकीच वाक्ये झेपत. त्यांतली काही यंत्राच्या मंदपणापायी वाया जाताना काचेमागे बसलेला भाऊ पाहत होता.

एका दुपारी तिने त्याच वाक्याला तिसऱ्यांदा सुरुवात केली, अर्ध्यावर थांबली आणि हातानेच 'पुरे' अशी खूण केली. डोळ्यांत पाणी होते, आणि ते खोकल्याचे नव्हते.

"तुझं यंत्र माझ्यापेक्षा म्हातारं झालंय, दादा," ती कशीबशी म्हणाली.

त्या दिवशी ती गेल्यावर कानसेनने दुभाष्याची एक सोय चालू केली. लिहायला दिलेले लगेच पलीकडे पोचवायचे नाही. आपल्यापाशी, यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत, धरून ठेवायचे, 'पोचले' असे सांगून मोकळे व्हायचे, आणि सवड मिळेल तसे डिस्कवर उतरवायचे. त्याने घुटमळ संपते. मधल्या काळात मात्र जे पोचले म्हणून सांगितले ते पोचलेले नसते. ही सोय तो कधी वापरत नसे. त्याला धोका ठाऊक होता आणि त्यावरचा बंदोबस्तही: डिस्क काढण्याआधी यंत्राला रीतसर सांगायचे, सगळे उतरेपर्यंत थांबायचे, मगच तार सोडायची. तो स्वतः तिथे असणारच होता. बहिणीचा कंठ आज समोर दुखत होता. डिस्कचे दुखणे अजून फक्त शक्यतेत होते.

दुसऱ्या दिवसापासून काम सरळ वाहू लागले. भिंगरी खुलली. संध्याकाळी कानसेन यंत्राला सांगे, दिव्याची लुकलुक थांबेपर्यंत वाट पाही, आणि म्हणे, "काढ आता." मग ती तार ओढून डिस्क पर्समध्ये टाकी. हे काम तिने हट्टाने आपल्याकडे ठेवले होते. "माझा आवाज मीच नेणार," ती म्हणे. "तुझ्या दाजींच्या हाती दिला तर ते चष्म्यासारखा कुठं तरी ठेवून येतील."

संच पुरा झाला त्या दिवशी तिचा आवाज फाटत चालला होता. शेवटची वाक्ये कुजबुजीत निघाली, तरी निघाली. आता साफसूफ. सगळ्या मुद्रणात आतल्या दिव्याची एक बारीक गुणगुण उतरली होती; दुसऱ्या कोणाला जाणवली नसती, कानसेनला ती डोळ्यांत गेलेल्या कणासारखी सलत होती. त्याने गुणगुण गाळण्याचे काम सबंध संचावर लावले: एकेक फाइल उचलायची, तिची स्वच्छ आवृत्ती लिहायची, जुनी पुसायची. हे उरकले की लगेच पक्की प्रत काढायची, असे ठरवून त्याने घरच्या मांडणीची डिस्क कपाटातून काढून टेबलावर ठेवलीही होती. पडद्यावरची पट्टी झरझर भरली. शेवटी शब्द आला: पूर्ण.

पट्टी खोटे बोलली नव्हती. तिला दुभाष्याने जे सांगितले तेच तिने सांगितले. डिस्कचा दिवा अजून लुकलुकत होता.

तेवढ्यात आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भिंगरीने रुमाल तोंडाला लावला होता आणि रुमाल लाल होता. श्वास घेताना शीळ वाजावी तसा आवाज येत होता. कानसेन उठला, दार उघडून तिला बाहेरच्या खोलीत आणले, खुर्चीवर बसवले, आणि गाडीत वाट पाहणाऱ्या दाजींना हाक मारायला रस्त्याकडे धावला. "दाजी! गाडी पुढं घ्या! दवाखान्यात जायचं, आत्ता!"

तो परत येईतो ती उभी होती. पर्स खांद्याला अडकवलेली. रोजच्या सवयीने तिने तार ओढली होती आणि डिस्क आत टाकली होती. 'काढ आता' असे कोणी म्हटले नव्हते. त्याच्या ते ध्यानातही आले नाही. त्याने तिच्या दंडाला धरले आणि चालता झाला.

डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी सांगितले, की गाठीने वाट बुजत आली आहे. त्याच संध्याकाळी गळ्याला छेद देऊन नळी बसवली गेली, आणि पुढची शस्त्रक्रिया लांबवता येणार नाही असे ठरले. आत नेण्यापूर्वी ती शेवटचे काय बोलली हे दाजी अनेकांनी विचारूनही सांगत नाहीत. ती बोलली ते त्यांच्याशी, आणि ते त्यांनी आपल्यापाशीच ठेवले आहे.

डिस्क भाचीने रुग्णालयातच आपल्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर विचारणा झाली: या डिस्कमध्ये काही दोष आढळले आहेत, दुरुस्त करायचे का? तिने 'हो' म्हटले. कोणीही म्हटले असते. लॅपटॉपमधला दुरुस्तीचा प्रोग्रॅम, त्या मांडणीचा घरचा कारागीर, कामाला लागला, आणि त्याने प्रामाणिकपणे आपले काम केले: ज्या नोंदी अर्धवट दिसल्या त्या काढल्या, ज्या जागा बेवारस वाटल्या त्या रिकाम्या ठरवल्या, आणि घर नीटनेटके करून किल्ली परत दिली.

मग तिने फोन केला. "मामा, फोल्डर उघडलंय, पण आत काहीच कसं नाही? काही नावं आहेत, पण ती वाजतच नाहीत."

कानसेनला सगळे एका क्षणात दिसले. जुन्या फाइली पुसल्याची नोंद डिस्कपर्यंत पोचली होती. नव्या, स्वच्छ केलेल्या फाइलींपैकी बहुतेक अजून दुभाष्याच्या झोळीत होत्या, तेव्हा तार सुटली आणि झोळी हवेत रिकामी झाली. काय पोचले आणि काय नाही, याचे टिपण दुभाष्याने ठेवलेच नव्हते. मागाहून आलेल्या कारागिराने राहिलेले अवशेषही केरात काढले. संशयाला जागा नव्हती. तरी त्याने विचारले, "दुरुस्त करू का असं विचारलं होतं का?" आणि भाचीने "हो" म्हटले. तिच्यावर हे ओझे कधीच टाकायचे नाही, हे त्याने फोन ठेवण्यापूर्वीच ठरवले.

पुसलेल्या डिस्कमधून फाइली काढून देणारी एक बाई शहरात होती. अरुंद दुकान, भिंतीला स्क्रू-ड्रायव्हरांची रांग, काउंटरवर उघडलेल्या डिस्कच्या चकत्या आरशासारख्या चकाकत. तिने त्याची हकीकत मध्ये न बोलता ऐकली.

"परक्या मांडणीत लिहीत होतात," ती म्हणाली, "आणि वरून धरून ठेवायची सोय चालू."

"हो."

"तुमच्या घरच्या मांडणीत असतं, तर तार ओढली तरी एखाददुसरं वाक्य गेलं असतं फार तर."

"ठाऊक आहे मला."

"लोक मला सांगतात, कुत्र्यानं तार ओढली, मुलानं ओढली. तुम्ही कोणाचं नाव घेत नाही."

"नाव घेण्यासारखं कोणी नाही," कानसेन म्हणाला.

तिने काही दिवस घेतले आणि जे सापडले ते दिले. तुकडे होते. श्वास, अर्धे शब्द, एका वाक्याच्या पोटात दुसऱ्या वाक्याचे शेपूट. बदकांतले 'बद' आणि घड्याळातले 'ळ'. एक सबंध वाक्य निघाले नाही. बाईने पैसे घ्यायला हात पुढे केला नाही आणि त्याने आग्रह केला नाही. दोघांनाही तो व्यवहार तिथेच थांबवायचा होता.

भिंगरीला घरी आणल्यावर त्याने तिला सांगितले. गळ्याशी जाळीचा रुमाल, हाताशी मुलांची असते तशी पुसता येणारी पाटी. त्याने सांगितले की संच गेला, दोष त्याचा, त्याने घाईसाठी सावधपणा सोडला. तिने ऐकले. पाटीवर लिहिले: मी तार ओढली.

"तार ओढली तरी काही जाऊ नये अशी रीत असते. ती रीत मी सोडली होती."

तिने पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवले.

"भिंगरे, तू रोज ओढायचीस. रोज काही झालं का? माझ्या भरवशावर ओढायचीस. भरवसा मी मोडला." यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही ते बोलताना त्याला वाटत होते, की आपण तिच्यापुढे वकिली करतो आहोत.

तिने पाटी पुसली आणि पालथी घालून ठेवली.

भाचीने हार मानली नाही. फोनमध्ये राहिलेले निरोप, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या चित्रफितीत मागून येणारा आईचा आवाज, तक्रार-कक्षातल्या मैत्रिणीने मिळवून दिलेली दोन-तीन फोनची मुद्रणे. गर्दीचा, वाहनांचा, ताटवाट्यांचा गोंगाट त्यात कालवलेला. कानसेनने तो जितका गाळता आला तितका गाळला आणि या वेळी प्रत्येक पायरीवर पक्की प्रत काढली. हे काम करताना त्याच्या मनात कसलीही आशा नव्हती. त्याचा कान त्याला आधीच उत्तर देऊन मोकळा झाला होता. प्रोग्रॅमने मिळेल त्यातून एक आवाज बनवला.

तो ऐकवला त्या दुपारी चौघेही भिंगरीच्या घरी बसले होते. भाचीने टॅबवर लिहिले: अहो, चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे. टॅब बोलला. सूर तिच्यासारखा होता. 'अहो'वरचा हेलही थोडासा तिचा. पण शब्दाशब्दांमधले अंतर कोणा तिऱ्हाईताचे, आणि वाक्याच्या शेवटी आवाज जिथे तिचा हसण्याकडे वळे तिथे हा सपाट होऊन संपला. मृताच्या अंगावरचे कपडे घालून कोणी दारात उभे राहावे तसे झाले. दाजी उठले आणि खिडकीशी जाऊन चष्म्याच्या काचा पुसू लागले.

भिंगरीने पाटी ओढली. लिहिले: ही कोण बाई?

"आई, शिकेल तो अजून," भाची म्हणाली. "थोडा वेळ दे."

तिने मान हलवली. टॅब स्वतःकडे घेतला, आवाजांच्या यादीत खाली गेली, आणि प्रोग्रॅमसोबत मुळात येणारा, कोणाचाच नसलेला आवाज निवडला. निम्मेशिम्मे आपले होऊन येणाऱ्यापेक्षा सरळ परके बरे, असे तिच्या मनात असावे. तिने सावकाश अक्षरे दाबली. बातम्या वाचणाऱ्या बाईच्या सुरात टॅब म्हणाला, "दादा. ते. तुकडे. पुसून टाक."

"राहू दे की गं. कपाटात राहतील. कोणाला काय त्रास आहे?"

"त्रास. आहे," टॅब म्हणाला.

कानसेनने त्याआधी कधी कोणाचा आवाज पुसला नव्हता. गिऱ्हाईक पैसे बुडवून गेले, माणसे मरून गेली, तरी त्याने ठेव ठेवली. त्याने दाजींकडे पाहिले. दाजी खिडकीपासून वळले आणि म्हणाले, "मला एकदा ऐकवा. मग पुसा."

ते दोघे बाहेरच्या खोलीत आले. कानसेनने भाचीचा लॅपटॉप उघडला, तुकड्यांची डिस्क जोडली, हेडफोन दाजींच्या कानांवर बसवले, आणि तुकडे एकामागून एक लावले. दाजी डोळे मिटून बसले. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. कधी त्यांचे ओठ हलत, अर्धा शब्द पुरा करून पाहावा तसे, आणि मग थांबत. काही वेळाने त्यांनी हेडफोन स्वतःच काढले, अजून पुष्कळ तुकडे उरलेले असताना.

"यात ती नाही, दादा," ते म्हणाले. "हा नुसता घसा आहे. पुसा."

त्याने पुसले. त्याला फार वेळ लागला नाही. आतल्या खोलीत भाची आईला टॅबमध्ये घरच्या माणसांची नावे भरून देत होती, म्हणजे त्यांना हाक मारता येईल. आणि तो परका आवाज एकेक नाव उच्चारून पाहत होता, चुकत होता, दुरुस्त केले की पुन्हा चुकत होता.